लायसन आहे का?

काका कुणाच्याही घरी गेले की बेल वाजवत नसत. आधी दारावर दोनदा ठोठावायचे, मग खोकायचे, आणि मग थांबायचे. दार सताड उघडं असलं तरीही. आम्ही आतून त्यांना दिसत असू, हातात चहाचा कप घेऊन "या ना काका" म्हणत असू, तरी काका अर्धी पाठ वळवून समोरच्या मेपलच्या झाडाकडे बघत उभे. पुरेसा वेळ गेला असं त्यांना स्वतःला वाटलं की आत यायचे, बूट काढायचे, मफलर सोडायचे (मफलर जुलैतसुद्धा असायचा), आणि टीव्हीकडे मान करून विचारायचे,

"लायसन आहे का?"

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावातल्या मराठी घरांतल्या मुलांना याचं उत्तर पाठ होतं. खेळ न थांबवता, वर न बघता ती एका सुरात ओरडायची, "येस, आजोबा!"

"क्वाइट राइट," काका म्हणायचे आणि सोफ्याच्या कडेला टेकायचे.

नव्या माणसाची मात्र पंचाईत व्हायची. पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आला होता. व्हिसावर आलेला माणूस तसाही थोडा घाबरलेलाच असतो. काकांनी त्याच्याकडे बघून लायसन विचारलं, तर त्यानं पाकिटातून ड्रायव्हिंग लायसन काढून दिलं. काकांनी ते शांतपणे परत केलं आणि म्हणाले, "हे नाही." मग त्यानं पासपोर्ट दिला. "हेही नाही." तेव्हा तो बिचारा व्हिसाचे कागद आणायला बर्फातून गाडीकडे निघाला, पायात फक्त मोजे. त्याला परत आणून, भाजी वाढून, सगळं समजावून सांगेपर्यंत पोळ्या गार झाल्या. त्या मोज्यांचं मला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो एक देश सोडून दुसऱ्यात आला, पण पहिल्या देशाची नोकरी सोडायला विसरला. काका मूळचे अमरावतीचे. तरुणपणी इंग्लंडला शिकायला गेले आणि शिकून झाल्यावर तिथल्याच एका विद्यापीठाच्या वसतिगृहात नोकरीला लागले. शेवटी त्या वसतिगृहाचे व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. काकू गेल्यावर मुलानं, मंदारनं, त्यांना इकडे आणलं. मंदार माझ्याच ऑफिसात, गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. तो काकांना म्हणाला होता, "बाबा, आता आराम करा." काकांना आराम करता येत नव्हता, कारण इथे कुणीच लायसन घेत नव्हतं.

इंग्लंडात टीव्ही बघायला दर वर्षी पैसे भरून लायसन घ्यावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेलच. विद्यार्थ्यांनाही लागतं. वसतिगृहात एकेका खोलीचा करार वेगळा, म्हणून एकेका खोलीचं लायसन वेगळं. दर वर्षी नवी मुलं आली की काका त्यांना एका सभागृहात बसवून हे समजावून सांगत. ते भाषण आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. बारशाला ऐकलंय, सत्यनारायणाला ऐकलंय, आणि एकदा कुणाच्या तरी घरी बेसमेंटमध्ये पाणी शिरलेलं असताना, बादल्या हातोहात पुढे देता देता ऐकलंय.

"लाइव्ह बघणार? लायसन. दुसऱ्या देशाचं चॅनल लाइव्ह बघणार? तरी लायसन. टीव्हीवर नाही, लॅपटॉपवर, फोनवर? तरी लायसन. मागाहून बघणार, सावकाश? तर मग तिथल्या सार्वजनिक वाहिनीचं सोडून बाकी ठिकाणी," इथे काका हात आडवा फिरवायचे, "लागू नाही."

अमेरिकेत कुणालाच लागू नाही, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे कुणीही बघतो? केव्हाही? आणि दार कोण ठोठावतं?"

"कुणीच नाही, काका."

"अरेरे," काका म्हणाले. त्यांना खरंच आमची कीव आली होती.

काका मला इतके का आवडायचे, हे इथे सांगून टाकतो. मी स्वभावानं अपराधी माणूस आहे. काही केलेलं नसतं, तरी मला आपण काहीतरी केलंय असं वाटतं. मागे पोलिसाची गाडी दिसली की मी रेडिओ बंद करतो. दुकानातून काही न घेता बाहेर पडायचं झालं तर हात जरा लांब धरून चालतो, म्हणजे काही चोरलेलं नाही हे दिसावं. माझी बायको मेधा याला इतकी कंटाळली आहे की मी "मला एक सांगायचंय" म्हटलं की ती मिक्सर लावते. काका मात्र ऐकायचे. नुसते ऐकायचे नाहीत, निकाल द्यायचे.

"काका, मी ब्लोअरनं पानं उडवत होतो. वारा सुटला आणि सगळी पानं शेजाऱ्याच्या लॉनवर गेली. मी घरात निघून आलो."

"वारा तुझा होता का?"

"नाही."

"लागू नाही."

मला इतकं हलकं वाटायचं! कुठल्या देवळात नाही वाटलं कधी.

"काका, आईनं फोनवर विचारलं जेवलास का. मी हो म्हणालो. खाल्लं होतं दूध आणि कॉर्नफ्लेक्स."

"चमचा वापरलास?"

"हो."

"मग ते जेवण. लागू नाही."

सगळंच माफ व्हायचं असं नाही. एकदा मी होलसेल दुकानात फुकट वाटत होते ते चीज खाल्लं आणि पाच मिनिटांनी टोपी घालून परत गेलो. हे सांगितल्यावर काकांनी डोळे मिटले.

"टोपी कशाला?"

"त्या बाईंनी ओळखू नये म्हणून."

काकांनी खूप विचार केला. "चीज लागू नाही," ते शेवटी म्हणाले. "टोपी लागू आहे."

मी त्या दुकानात अजून टोपी घालून जात नाही.

आता रविवारबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रविवारावर आहे. आमच्या घरी रविवारी दुपारी मी कांदेपोहे करतो आणि माझी मुलगी इरा आणि मी बेसमेंटमध्ये बसून आमच्या गावच्या टीमची मॅच बघतो. फुटबॉल, पण तो अमेरिकन, हातात बॉल घेऊन पळायचा. इरा पहिलीत असताना हे सुरू झालं. आमची टीम बहुतेक हरायची, त्यामुळे आम्हाला मोकळेपणानं पोहे खाता यायचे. मला तो खेळ कळत नसे. इरा समजावून सांगायची.

"एवढी मारामारी करून बॉल मिळवला, आणि आता आपणच लाथ मारून त्यांना का देतोय?"

"बाबा, चौथा चान्स आहे, म्हणजे शेवटचा. इथे हातातून गेला तर ते एकदम जवळून स्कोर करतील. सो आपणच लांब पाठवायचा."

"आपल्याला वाईट नाही वाटत?"

"बाबा. इट्स अ बॉल."

हा प्रश्न मी दर रविवारी विचारायचो आणि ती दर रविवारी उत्तर द्यायची. मेधा वरून ओरडायची, "अजून कळलं नाही का तुला?" कळलं होतं. फार पूर्वीच कळलं होतं. पण तेवढ्यासाठी प्रश्न थोडाच बंद करायचा?

काका आल्यापासून तेही रविवारी येऊ लागले. ठोठावणं, खोकणं, थांबणं, लायसन, सोफ्याची कडा. एका वर्षी आमची टीम अचानक चांगली खेळायला लागली आणि एका मोठ्या मॅचला आमच्या बेसमेंटमध्ये अर्धं नोव्हाय जमलं. शेवटची काही सेकंद उरलेली. आमच्या माणसानं बॉल फेकला, बॉल हवेत आहे, पुण्याचा तो मोज्यांवाला मुलगा सोफ्यावर उभा आहे, आणि टीव्ही बंद झाला.

काका भिंतीपाशी उभे होते. हातात वायर.

"व्हॅन," ते कुजबुजले.

खिडकीतून दिसत होतं. समोरच्या घरापुढे एक पांढरी व्हॅन येऊन थांबली होती, टपावर शिडी. इंग्लंडात म्हणे अशा व्हॅन गल्लीतून फिरायच्या, कुणाच्या घरी चोरून टीव्ही चालू आहे ते शोधायला. ही व्हॅन गालिचे धुणाऱ्याची होती. तसं तिच्यावर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं.

आम्ही वायर परत खोचली तोवर मैदानावर कागदाचे कपटे उडत होते. आम्ही जिंकलो होतो. इतक्या वर्षांनी जिंकलो होतो, आणि ते आमच्यापैकी कुणीही पाहिलं नव्हतं.

मंदारनं डोक्याला हात लावला. "बाबा, यार!"

"मला माहीत आहे रे," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "इथं लागू नाही, ते माहीत आहे. पण हात ऐकत नाही."

सगळ्यात आधी इरा हसली. मग ती हसून हसून सोफ्यावरून खाली आली, आणि मग सगळेच हसले. त्या दिवसापासून "व्हॅन" हा आमच्या घरातला शब्द झाला. मेधाची आई व्हिडिओ कॉलवर आली आणि इराला अभ्यास असला की ती म्हणायची, "आजी, व्हॅन आलीये," आणि फोन ठेवायची.

तर ही इरा. कॉलेजला मिशिगनमध्येच राहील, शनिवारी कपडे धुवायला आणि रविवारी पोहे खायला घरी येईल, असं मी धरून चाललो होतो. तिनं स्कॉटलंडच्या एका विद्यापीठात प्रवेश घेतला. मला सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न काय विचारावा? "मॅच किती वाजता दिसेल तिथे?"

"संध्याकाळी सहा," ती म्हणाली. "पण बाबा, आय डोन्ट नो. बघू."

ते "बघू" माझ्या मनातून जाईना. मला दुसरं काही नको होतं. तिनं रविवारी संध्याकाळी तिच्या खोलीत मॅच लावावी, मी इकडे लावावी, मध्ये फोन चालू असावा आणि मी विचारावं, आपणच लांब का पाठवतोय? एवढंच. पण हे मुलीला सांगायचं कसं? सांगितलं तर ती नाही म्हणणार नाही, आणि मग ती तिथे मित्रमैत्रिणींना सोडून दर रविवारी बापासाठी खोलीत बसणार, आणि मला त्याबद्दलही अपराधी वाटणार. म्हणून मी तिला काही न सांगता काकांकडे गेलो आणि विचारलं, "काका, स्कॉटलंडात लायसन लागतं का?"

त्यांचा चेहरा कसा उजळला म्हणून सांगू! इतकी वर्षं या देशात त्यांना हा प्रश्न कुणी खरोखर विचारला नव्हता.

"लागू आहे!" ते उभेच राहिले. "पोरीला तयार केलं पाहिजे."

आणि त्या उन्हाळ्यात काकांनी इराला तयार केलं. ते टाय लावून यायचे. इरा तिच्या खोलीत लॅपटॉप लावून बसायची आणि काका तपासनीस बनून दार ठोठावायचे. दोनदा ठोठावणं, खोकला, थांबणं. आतून धडपडीचे आवाज. मग दार उघडायचं.

"गुड इव्हनिंग, मिस. पांघरुणाखाली काय गुणगुणतंय?"

"माझा अजगर."

"अजगराचा नियम वेगळा आहे. तो माझ्या खात्यात नाही. वायर भिंतीत आहे का?"

वायरचं महत्त्व असं, की आईवडिलांच्या घरी लायसन असेल आणि मुलाचा लॅपटॉप भिंतीत न खोचता स्वतःच्या बॅटरीवर चालत असेल, तर घरचं लायसन त्याला पुरतं. हा त्या नियमावलीतला काकांचा सगळ्यात लाडका नियम. पण आमच्या बाबतीत पेच होता.

"घर कुठे?" काकांनी विचारलं.

"नोव्हाय, मिशिगन."

"घरी लायसन?"

"नाही. देअर इज नो सच थिंग, आजोबा."

"मग घरचं काय पुरणार? घरीच नाही." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, मी बाप म्हणून मूलभूत काहीतरी करायचं राहून गेलंय. मी धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन दाराबाहेर उभा होतो. खरं तर ती टोपली घेऊन मी बराच वेळ उभा होतो.

"तर मिस, आता मुख्य प्रश्न," काका म्हणाले. "लाइव्ह बघणार की मागाहून?"

इरानं दाराकडे पाहिलं. मी टोपलीतला एक मोजा उलटा करून सुलटा केला.

"मागाहून," ती म्हणाली. "आय मीन, हायलाइट्स वगैरे. रविवारी संध्याकाळी तिथे काय काय असेल कुणाला माहीत."

"मग लागू नाही," काका म्हणाले.

त्यांच्या तोंडून ते दोन शब्द ऐकून मला हलकं वाटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

काका निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर ड्राइव्हवेपर्यंत गेलो. खिशातून फोन काढला. "काका, मी तिच्या नावानं आत्ताच लायसन घेतो. ऑनलाइन मिळतं ना? जाताना हातात देतो. मग ती बघेल लाइव्ह."

काकांनी माझ्या फोनवर हात ठेवला. "नियम काय म्हणतो? ज्या खोलीत बघायचं, त्या खोलीतल्या माणसानं घ्यायचं. ते बापाचं काम नाही."

"पण तिनं नाही घेतलं तर?"

काका मफलरशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मी दार ठोठावल्यावर खोकायचो का, माहीत आहे?"

"घशाचा त्रास?"

"घशाचा कसला त्रास! अरे, पोरं अठरा वर्षांची. आईबापांपासून लांब. कुणी टीव्ही कपाटात लपवायचा आणि त्याच्यापुढे स्वतःच कोटांमध्ये बसायचा. कुणी त्यावर टॉवेल टाकून म्हणायचा हे टेबल आहे. मला काय, बाहेरून ऐकू यायचंच. पण मी ठोठावायचो, खोकायचो आणि थांबायचो. त्यांना आवरायला वेळ नको? दार उघडेपर्यंत टीव्ही नसायचा. मग मी सांगायचो, लायसन घे बाबा. पुढच्या महिन्यात बहुतेक जण घ्यायचे."

"आणि जे नाही घ्यायचे?"

"पुन्हा खोकायचो." काका गाडीत बसले. काच खाली करून म्हणाले, "धाडकन आत जायचं नाही. काय? ठोठावायचं, खोकायचं, थांबायचं."

इरा गेली. विमानतळावर मी रडलो नाही, आणि रडलो नाही याचं वाईट वाटून गाडीत रडलो.

रविवार आला. मी सवयीनं पोहे केले, ते जास्त झाले. दारावर ठोठावणं, खोकणं. काका. त्यांनी बेसमेंटमध्ये येऊन लायसन विचारलं. "येस, आजोबा" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हणालो. या वेळी ते सोफ्याच्या कडेला न बसता इराच्या जागी बसले. मॅच सुरू झाली. थोड्या वेळानं म्हणाले, "एवढी मारामारी करून बॉल मिळवला. आता आपणच लाथ मारून का देतो?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या बेसमेंटमध्ये इतके रविवार काढलेल्या माणसाला हे माहीत नसणं शक्य नव्हतं. त्यांनी शांतपणे पोह्यातला शेंगदाणा उचलून तोंडात टाकला.

"चौथा चान्स आहे, काका," मी म्हणालो. "इथे हातातून गेला तर…" आणि पुढचं सगळं समजावून सांगितलं.

"क्वाइट राइट," काका म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "खोकलास का पोरीला?" मला आधी कळेना. मग मी फोन काढला आणि इराला एकच शब्द पाठवला: "अहेम." काकांनी वाचून मान डोलावली. "आता थांब."

थांबणं फार कठीण काम आहे. दोन दिवसांनी इराचं उत्तर आलं, "? सर्दी झालीय का?" पुढच्या रविवारी मी पुन्हा खोकलो. उत्तर: "बाबा, सी अ डॉक्टर." मेधा म्हणाली, "सरळ फोन कर ना तिला." मी म्हणालो, "तसं करायचं नसतं." मेधानं मिक्सर लावला. तिसऱ्या की चौथ्या खोकल्याला इरानं हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह पाठवलं. तिला कळलं होतं की काय, मला कळलं नाही. फोनवर ती इतर दिवशी भरभरून बोलायची: पाऊस, बटाटे, एक मैत्रीण जी बॅगपाइप शिकतेय आणि तिला कुठल्याच मजल्यावर कुणी राहू देत नाही. रविवारबद्दल ती बोलत नसे आणि मीही विचारत नसे. फोन ठेवल्यावर मात्र मला तिचा राग यायचा.

काका हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं. थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला होता. छातीत पाणी झालं होतं, बोलताना दम लागत होता. खोलीत भिंतीवर उंच टीव्ही टांगलेला होता. सकाळीच त्यांनी नर्सला विचारलं होतं म्हणे, त्या टीव्हीकडे बोट करून, की लायसन आहे का. नर्सला वाटलं तिचंच विचारतायत. तिनं गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं आणि म्हणाली, मिशिगनचं आहे, दोन वर्षांनी रिन्यू होतं. काका इतके खूश झाले, की मंदार सांगत होता, दुपारी औषध त्यांनी फक्त तिच्याच हातून घेतलं.

"काका," मी म्हणालो, "मला मनातल्या मनात इराचा राग येतो. स्वतःच्या मुलीचा. ती मजेत आहे म्हणून. हे तरी लागू असेलच."

काकांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. मग विचारलं, "राग लाइव्ह येतो की मागाहून?"

"मागाहून. फोन ठेवल्यावर."

त्यांनी चादरीवरचा हात आडवा फिरवला. फार थोडा फिरला, पण फिरला. "मग लागू नाही."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. बुधवारी गेले.

मंदारकडे भेटायला मी संध्याकाळी गेलो, तर त्याच्या ड्राइव्हवेत गर्दी. पुण्याचा तो मुलगा होता, आता त्याला स्वतःला मुलगा झालाय. नोव्हायच्याच देशपांडे काकू होत्या, गुडघ्यांना पट्टे लावून. सगळे बर्फात उभे, दार सताड उघडं. आधी पोचलेल्या कुणीतरी दोनदा ठोठावलं होतं आणि खोकलं होतं, आणि आता सगळे समोरच्या झाडाकडे बघत थांबले होते. मंदार बाहेर आला. "अहो, आत या ना!" म्हणाला, आणि मग आम्हाला तसं उभं बघून दाराची चौकट धरून रडायला लागला. त्याला आवरायला वेळ दिला, मग आम्ही आत गेलो.

इराला मी फोनवर सांगितलं. ती "ओके," म्हणाली, आणि थोड्या वेळानं पुन्हा, "ओके, बाबा."

त्या रविवारी मी पोहे करणार नव्हतो. मेधानंच कांदा चिरून ठेवला. मी ताटली घेऊन खाली गेलो, टीव्ही लावला आणि इराला खोकायला फोन हातात घेतला, पण "अहेम" लिहवेना. खोकायला शिकवणाराच नाही, तर कशाला? फोन पालथा ठेवला. मॅच सुरू झाली.

फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर कुणी दिसत नव्हतं, नुसती एक भिंत. मग आवाज आला, टेबलावर बोटांनी दोनदा ठोठावल्याचा. मग खोकल्याचा. मग काहीच नाही.

मी डोळे पुसले, चष्मा परत लावला. तिनं मला आवरू दिलं. मग ती पडद्यात आली, मफलर गुंडाळून.

मी विचारलं, "लायसन आहे का?"

"येस, बाबा," इरा म्हणाली. "माझं आहे. माझ्या खोलीचं. मीच घेतलं, तू काही म्हणू नकोस. दर रविवारी नाही जमणार हां. पण आज बघतेय. लाइव्ह."

"क्वाइट राइट," मी म्हणालो.

आम्ही मॅच बघितली. ती काहीतरी बशीतून खात होती, मी पोहे खात होतो. मी माझा प्रश्न विचारला, तिनं तिचं उत्तर दिलं. आम्ही हरत होतो आणि सगळं कसं रीतसर चाललं होतं. शेवटची मिनिटं आली, तेव्हा मी सहज खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घरापुढे एक पांढरी व्हॅन येऊन थांबली. टपावर शिडी.

मला माहीत होतं हो, की इथे लागू नाही. पण मी उठलो, भिंतीपाशी गेलो आणि वायर ओढली. हात ऐकला नाही.

"बाबा? तुझा टीव्ही का गेला?"

"व्हॅन," मी कुजबुजलो.

स्कॉटलंडहून मग असं हसू आलं की फोन माझ्या हातात थरथरला. मग ती थांबली, नाक पुसलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ओके. तू लावू नकोस. ती जाईपर्यंत तसाच बस. माझ्याकडे लायसन आहे, मी सांगते तुला."

मी अंधारलेल्या टीव्हीपुढे इराच्या जागी बसलो, फोन कानाला लावून.

"ऐक. चौथा चान्स आहे. पण बाबा, या वेळी आपण लांब पाठवत नाही आहोत. आपण ठेवतोय बॉल. ते उभे राहतायत… थांब… थांब हां, बाबा…"

"थांबलोय," मी म्हणालो.